व्यायामाआधीचा उत्तेजक डोस आणि हृदय: आत नेमकं काय घडतं

व्यायाम सुरू केला की शरीर स्वतःच स्वतःला उत्तेजक देतं. हृदयापर्यंत पोहोचणाऱ्या सिंपथेटिक (शरीराला श्रमासाठी सज्ज करणाऱ्या) नसांच्या टोकांतून नॉरॲड्रेनालिन सुटतं, मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी रक्तात ॲड्रेनालिन सोडतात आणि विश्रांतीत मिनिटाला ७० ठोके देणारं हृदय काही मिनिटांत १५० वर जातं. प्री-वर्कआउट पावडर, फॅट बर्नरची गोळी किंवा एनर्जी ड्रिंक यांतली उत्तेजकंही याच नसांवर, याच ग्रंथींवर आणि याच रिसेप्टरवर, म्हणजे पेशींवरच्या रसायनाचा संदेश घेणाऱ्या जागांवर, काम करतात. बाहेरचा डोस आतल्या डोसवर चढतो. त्यामुळे ३०० मि.ग्रॅ. कॅफिन घेऊन खुर्चीत बसून राहणं वेगळं आणि तेच घेऊन पाऊण तासाने ट्रेडमिलवर जीव तोडून पळणं वेगळं. डब्यावरचा आकडा तोच असतो, पण हृदयावरचा भार तोच राहत नाही.

सप्लिमेंटबद्दलचे बहुतेक सल्ले फक्त मिलिग्रॅममध्ये बोलतात. आकडे महत्त्वाचे आहेत, ते पुढे दिले आहेत. पण आधी हृदयाची एक अडचण समजून घ्यायला हवी. ती समजली की कोणता आकडा का पाळायचा ते कळतं.

हृदयाला स्वतःसाठी रक्त कधी मिळतं?

हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते करोनरी धमन्यांतून. डावा कप्पा आकुंचन पावतो तेव्हा त्याचा जाड स्नायू आतल्या बारीक रक्तवाहिन्या दाबून धरतो. म्हणून डाव्या कप्प्याला बहुतांश रक्त दोन ठोक्यांच्या मधल्या सैल काळात मिळतं.

मिनिटाला ६० ठोके असतील तर एका ठोक्याला एक सेकंद मिळतो. त्यातला साधारण एक तृतीयांश वेळ आकुंचनात जातो आणि उरलेला सैल काळ असतो, म्हणजे मिनिटातले सुमारे ४० सेकंद. ठोके १८० झाले की एका ठोक्याला जेमतेम ०.३३ सेकंद उरतो. आकुंचनाचा वेळ फारसा कमी होत नाही, तो साधारण ०.२ सेकंदावर येऊन थांबतो. कपात होते ती सैल काळात, तो ०.१३ सेकंदाच्या आसपास येतो. मिनिटाचा हिशेब केला तर ४० सेकंदांचे २४ सेकंद होतात. हृदयाला सर्वांत जास्त रक्त हवं असतं नेमकं तेव्हाच ते मिळण्याचा वेळ सर्वांत कमी असतो.

हाता-पायांच्या स्नायूंना इथे एक सोय असते. विश्रांतीत ते रक्तातला जेमतेम पाव भाग ऑक्सिजन उचलतात, त्यामुळे गरज पडली की त्याच रक्तातून आणखी काढता येतो. हृदयाला ही सोय नाही. ते विश्रांतीतही मिळालेल्या ऑक्सिजनपैकी ७० ते ८० टक्के वापरून टाकतं. जास्त ऑक्सिजन हवा तर जास्त रक्तच आणावं लागतं, म्हणजे करोनरी धमन्या रुंदावल्याच पाहिजेत. निरोगी माणसात त्या रुंदावतात आणि जोराच्या व्यायामात हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा चार-पाच पटींनी वाढतो. हे काम ज्या रसायनांच्या मदतीने होतं त्यातलं एक म्हणजे ॲडिनोसिन. हे नाव लक्षात ठेवा, कारण कॅफिनचा सगळा मामला त्याच्याशीच आहे.

हृदयाची ऑक्सिजनची मागणी अंदाजे मोजायची एक सोपी रीत आहे: ठोके गुणिले वरचा रक्तदाब. विश्रांतीत ७० गुणिले १२०, म्हणजे ८,४००. मध्यम-जोराच्या व्यायामात १५० गुणिले १७०, म्हणजे २५,५००. आता समजा उत्तेजकाने ठोके १० ने आणि दाब १० ने वाढवला. १६० गुणिले १८० झाले २८,८००. तेवढंच अंतर, तोच वेग, पण हृदयाचं काम सुमारे १३ टक्क्यांनी जास्त. धमन्या स्वच्छ असतील तर हा जादा भार पेलला जातो. धमनीत अडथळा असेल आणि तो माहीत नसेल, तर हेच १३ टक्के महागात पडू शकतात.

कॅफिन काय करतं

दिवसभर आणि विशेषतः श्रमात ॲडिनोसिन साठत जातं. ते मेंदूतल्या रिसेप्टरवर बसतं आणि थकल्याची जाणीव देतं. नसांच्या टोकांवर बसून नॉरॲड्रेनालिनची गळती आवरतं. करोनरी धमन्यांत ते भिंती सैल करतं. कॅफिन हे रिसेप्टर अडवून बसतं. म्हणजे कॅफिन मुख्यतः ॲक्सिलरेटर दाबत नाही, ते ब्रेकची तार सैल करतं.

याचे तीन परिणाम होतात. पहिला, थकवा कमी जाणवतो. कामगिरी सुधारण्याचं मोठं कारण हेच आहे: स्नायूंची ताकद थोडी वाढते, पण मुख्य म्हणजे तेवढेच श्रम हलके वाटतात. दुसरा, रक्तदाब काही अंकांनी चढतो. कॅफिनची सवय नसलेल्यांमध्ये बऱ्याचदा ५ ते १० अंकांच्या आसपास. तिसरा परिणाम सहसा कोणी सांगत नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी व्यक्तींना २०० मि.ग्रॅ. कॅफिन देऊन सायकल चालवायला लावली आणि हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा मोजला. नेहमीच्या हवेत विश्रांतीत काहीच फरक पडला नाही. व्यायामात मात्र पुरवठा जितका वाढायला हवा होता त्यापेक्षा कमी वाढला, आणि उंच डोंगरावरच्या विरळ हवेची नक्कल केल्यावर ही तूट आणखी वाढली. या निरोगी लोकांना त्रास झाला नाही. पण कॅफिन एकाच वेळी मागणी वाढवतं आणि पुरवठ्याचा हात थोडा आखडता घेतं, हे त्यातून दिसलं.

इथे एक फसवी गोष्ट घडते. मध्यम व्यायामात कॅफिन घेतल्यावर ठोके वाढतीलच असं नाही, कधी कधी ते किंचित कमीही दिसतात. दाब वाढल्याचं मानेतल्या धमनीतल्या संवेदकांना कळतं आणि ते ठोके थोडे खाली आणतात. मनगटावरच्या घड्याळात १४० च्या जागी १३६ दिसलं म्हणून हृदय आरामात आहे असं समजू नका. घड्याळाला दाब दिसत नाही.

कॅफिनला विनाकारण बदनामही करू नये. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १०० निरोगी प्रौढांना सलग ईसीजी नोंदवणारं यंत्र लावलं आणि काही दिवस कॉफी पिण्याचे, काही न पिण्याचे असे चिठ्ठी टाकून ठरवले. वरच्या कप्प्यांतून येणाऱ्या अवेळी ठोक्यांत फरक पडला नाही. खालच्या कप्प्यांतले अवेळी ठोके कॉफीच्या दिवशी सरासरी १५४ आणि बिनकॉफीच्या दिवशी १०२ होते. निरोगी हृदयात हे ठोके बहुधा निरुपद्रवी असतात. साधारण प्रमाणातली कॉफी पिऊन व्यायाम करणाऱ्या निरोगी माणसाने घाबरून जायचं कारण नाही. धोका वाढतो तो मात्रा, मिश्रण आणि लपलेला आजार यांमुळे, आणि पावडरच्या डब्यात यातल्या पहिल्या दोन गोष्टी सहज एकत्र येतात.

बाकीची उत्तेजकं

कॅफिनवर हजारो अभ्यास झाले आहेत. त्याच्या शेजारी डब्यात जे घातलं जातं त्याबद्दल तसं म्हणता येत नाही.

एफेड्रा ही वनस्पती आणि तिच्यातलं एफेड्रिन एकेकाळी वजन घटवण्याच्या गोळ्यांत सर्रास असायचं. एफेड्रिन नसांच्या टोकांतून नॉरॲड्रेनालिन बाहेर काढतं आणि वर स्वतःही हृदयाच्या बीटा व रक्तवाहिन्यांच्या अल्फा रिसेप्टरवर बसतं. त्वचेकडच्या रक्तवाहिन्या आकसल्या की त्वचेवाटे उष्णता बाहेर पडणं कठीण होतं. फेब्रुवारी २००३ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्स या अमेरिकी बेसबॉल संघाचा पिचर स्टीव्ह बेक्लर सराव शिबिरात उष्माघाताने गेला, आणि त्याच्या मृत्यूत एफेड्राचा वाटा असल्याचं तपासणीत पुढे आलं. २००४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एफेड्रिनयुक्त आहारपूरकांवर बंदी घातली.

मग तिची जागा डीएमएएने घेतली. मुळात हे १९४० च्या दशकात चोंदलेलं नाक मोकळं करण्यासाठी बनवलेलं औषध. नाक मोकळं होतं ते तिथल्या रक्तवाहिन्या आकसल्यामुळे. तोंडावाटे घेतलं की हेच आकसणं सगळ्या शरीरात होतं आणि रक्तदाब चढतो. डीएमएए रक्तात बराच काळ टिकतं, अर्धं संपायला सुमारे ८ तास लागतात. सकाळी एक आणि संध्याकाळी एक डोस घेतला तर दुसरा पहिल्याच्या उरलेल्या भागावर चढतो. २०१० पासून ते जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, बंदी यादीत आहे. २०१२ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये शेवटच्या टप्प्यात कोसळून मरण पावलेल्या एका ३० वर्षांच्या धावपटूने डीएमएए असलेलं पेय घेतल्याचं न्यायालयीन चौकशीत नमूद झालं. लेबलवर हे १,३-डायमिथाइलअमाइलअमाइन, मिथाइलहेक्सानअमाइन किंवा जिरॅनियमचा अर्क अशा नावांनी येतं. त्याच्याच जातीतलं डीएमएचए हे ऑक्टोड्रिन किंवा २-अमिनोआयसोहेप्टेन या नावांखाली सापडतं. यातलं एकही नाव दिसलं तर तो डबा घेऊ नका. इथे सुरक्षित मात्रा शोधत बसण्यात अर्थ नाही.

योहिम्बिन वेगळ्या मार्गाने जातं. नसांच्या टोकांवर नॉरॲड्रेनालिन पुरे झालं असं सांगणारे अल्फा-२ रिसेप्टर असतात, ते हे बंद पाडतं. परिणामी दाब चढतो, हात थरथरतात, घबराट होते. त्यात भर म्हणजे योहिम्बिनच्या उत्पादनांत लेबलवरची आणि प्रत्यक्षातली मात्रा जुळत नाही, हे तपासण्यांमध्ये वारंवार दिसलं आहे. हायजेनामाइन हृदयाच्या आणि श्वासनलिकांच्या बीटा रिसेप्टरना थेट चेतवतं. २०१७ पासून वाडाच्या यादीत त्याचं नाव स्पष्टपणे आहे आणि लेबलवर ते नॉरकोक्लॉरिन म्हणूनही लिहिलेलं असतं. कडू संत्र्यातलं सिनेफ्रिन एकटं असताना तुलनेने सौम्य असतं, पण ते एकटं क्वचितच येतं.

सिट्रुलिन, क्रिएटिन आणि बीटा-अलानिन ही उत्तेजकं नाहीत. बीटा-अलानिनने चेहऱ्यावर आणि कानांवर मुंग्या येतात, त्याचा हृदयाशी संबंध नाही. पण त्या मुंग्या म्हणजे डोस लागू पडल्याची खूण असं समजून लोक त्यावरून उत्तेजकाची मात्रा ठरवतात, ते चूक आहे. मुंग्यांवरून डब्यातल्या कॅफिनबद्दल काहीही कळत नाही.

विजेची गडबड आणि व्यायाम संपल्यानंतरची मिनिटं

आतापर्यंत बोललो ते रक्तपुरवठ्याबद्दल. अचानक कोसळण्यामागे बहुधा हृदयाच्या विद्युत लयीतला बिघाड असतो. ॲड्रेनालिनमुळे हृदयाच्या पेशींत प्रत्येक ठोक्याला जास्त कॅल्शियम शिरतं. त्याने आकुंचन जोरदार होतं, पण कॅल्शियम जास्त साठलं की पेशी आपली पाळी येण्याआधीच ठिणगी टाकू शकते. निरोगी हृदयात असा अवेळी ठोका येतो आणि जातो. ज्या हृदयात व्रण आहे, स्नायू वेडावाकडा जाड झाला आहे किंवा पेशींच्या आयन-वाहिन्यांत (क्षारांचे कण आत-बाहेर नेणाऱ्या वाटांत) जन्मजात दोष आहे, तिथे तीच ठिणगी गोल गोल फिरत राहते आणि कप्पा पंप करायचं सोडून नुसता थरथरतो.

सर्वांत नाजूक वेळ बऱ्याचदा व्यायाम थांबवल्यानंतरची पहिली काही मिनिटं असते. जोराच्या श्रमात स्नायूंतून पोटॅशियम रक्तात येतं आणि त्याची पातळी बरीच चढते. थांबल्याबरोबर स्नायू ते परत ओढून घेतात आणि पातळी वेगाने, कधी कधी नेहमीपेक्षाही खाली उतरते. ॲड्रेनालिन आणि नॉरॲड्रेनालिन मात्र अजून चढेच असतात. त्याच वेळी पायांचे स्नायू रक्त वर ढकलायचं थांबवतात, रक्त पायांत साचतं आणि हृदयाकडे कमी येतं. उत्तेजक पोटात असेल तर चढी ॲड्रेनालिनची ही वेळ लांबते. मोठा डोस घेतलेलं कॅफिन पोटॅशियम आणखी थोडं खाली नेतं. म्हणून शेवटचा स्प्रिंट मारून बाकावर धपकन बसू नका. ५ ते १० मिनिटं संथ चाला, सायकल असेल तर भार काढून पाय फिरवत राहा. लगेच गरम पाण्याच्या शॉवरखालीही जाऊ नका, त्याने रक्तवाहिन्या आणखी सैल होऊन चक्कर येते.

परिणाम व्यायामाबरोबर संपत नाही, हे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीतही दिसलं. ३४ तरुण, निरोगी स्वयंसेवकांना तासाभरात सुमारे ९५० मि.ली. एनर्जी ड्रिंक दिलं. ईसीजीवरचा क्यूटी काळ, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींना पूर्ववत व्हायला लागणारा वेळ, बनावट पेयाच्या तुलनेत ६ ते ७.७ मिलिसेकंदांनी जास्त लांबला, आणि तोही चार तासांनंतर. निरोगी माणसाला एवढ्याने काही होत नाही. ज्याचा क्यूटी काळ जन्मतःच लांब आहे किंवा जो तो लांबवणारं औषध घेतो, त्याच्यासाठी ही वाढ क्षुल्लक नाही.

वजन उचलताना आणखी एक भर पडते. श्वास रोखून जड लेग प्रेस मारताना वरचा रक्तदाब क्षणभर ३०० च्याही पुढे गेल्याचं धमनीत थेट मोजून नोंदवलं गेलं आहे. रक्तवाहिन्या आकसवणारं उत्तेजक घेऊन जास्तीत जास्त वजनाची एक रेप काढणं म्हणजे त्याच टोकावर आणखी दाब चढवणं. त्या दिवशी कमाल वजन टाळा आणि वजन वर ढकलताना श्वास सोडा.

डब्यावरचं लेबल कसं वाचायचं

समजा एका स्कूपच्या रकान्यात लिहिलं आहे: कॅफिन अनहायड्रस २०० मि.ग्रॅ., डायकॅफिन मॅलेट १०० मि.ग्रॅ., ग्वाराना अर्क २०० मि.ग्रॅ. (२२ टक्के कॅफिन). समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत २०० हाच आकडा असू शकतो. हिशेब असा करायचा: अनहायड्रसचे पूर्ण २००. डायकॅफिन मॅलेटमध्ये सुमारे तीन चतुर्थांश कॅफिन असतं, म्हणून ७५. ग्वारानाचे २०० च्या २२ टक्के, म्हणजे ४४. एकूण ३१९ मि.ग्रॅ. खाली बारीक अक्षरांत एका वेळी दोन स्कूप घेता येतील असं असेल तर ६३८. सकाळची एक मोठी कॉफी, साधारण १०० मि.ग्रॅ., धरली तर सातशेच्या पुढे.

आता मर्यादा पाहू. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१५ च्या मतानुसार निरोगी प्रौढांना एका वेळी २०० मि.ग्रॅ. आणि दिवसभरात ४०० मि.ग्रॅ. पर्यंतचं कॅफिन चिंतेचं नाही, आणि यातले एका वेळचे २०० हे जोराच्या व्यायामाच्या आधीच्या दोन तासांत घेतले तरी चालतात. गरोदरपणात दिवसाची मर्यादा २०० आहे, आणि त्या काळात प्री-वर्कआउट पावडर मुळीच घेऊ नये. कामगिरीच्या अभ्यासांत वापरली जाणारी मात्रा वजनाच्या किलोमागे ३ ते ६ मि.ग्रॅ. असते. ६० किलोच्या व्यक्तीला ३ च्या हिशेबाने १८० मि.ग्रॅ. होतात, तेवढ्यात फायदा मिळतो. ६ च्या पुढे फायदा वाढत नाही; थरथर, मळमळ आणि धडधड मात्र वाढते. वरच्या उदाहरणातला दोन स्कूपचा डोस ६० किलोच्या माणसाला किलोमागे साडेदहाच्या पुढे जातो.

लेबलवर मॅट्रिक्स, ब्लेंड किंवा कॉम्प्लेक्स असं नाव देऊन दहा घटकांची मिळून एकच ग्रॅमची संख्या दिली असेल, तर त्यात कोणतं उत्तेजक किती आहे हे कळायला मार्ग नसतो. असा डबा परत ठेवावा, हे आमचं स्पष्ट मत आहे. इन्फॉर्म्ड स्पोर्ट किंवा एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट असे शिक्के बंदी असलेल्या पदार्थांसाठी चाचणी झाल्याचं सांगतात. ते उपयोगाचे आहेत, पण ते शिक्के असले म्हणून कॅफिनची मात्रा तुम्हाला झेपेल असं नाही.

मोजण्यातही चुका होतात. पावडर बसते, जड घटक तळाला जातात, दमटपणाने गुठळ्या होतात. वापरण्याआधी डबा नीट हलवा आणि पहिल्या काही वेळा स्कूप डिजिटल काट्यावर ग्रॅममध्ये तोलून पाहा. शिगोशीग भरलेला स्कूप लेबलवरच्या वजनापेक्षा बराच जास्त भरू शकतो. पावडर कोरडीच तोंडात टाकून वरून घोटभर पाणी पिण्याची पद्धत सोडून द्या. त्यात पावडर श्वासनलिकेत जाऊ शकते आणि सगळा डोस एकदम पोटात जातो. २५० ते ३०० मि.ली. पाण्यात मिसळून दहा मिनिटांत घोट-घोट प्यायलं तर धडधड सुरू झाल्यास उरलेलं फेकून देता येतं.

शुद्ध कॅफिन पावडर घरात आणूच नये. तिचा एक छोटा चमचा म्हणजे सुमारे २८ कप कॉफी, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सांगितलं आहे. १.२ ग्रॅम भराभर घेतल्यावर झटके येऊ शकतात आणि १० ग्रॅमच्या आसपासची मात्रा प्रौढाचा जीव घेऊ शकते. चमच्याच्या टोकावरचा फरक इथे जीवावर बेततो.

कधी आणि कशासोबत

कॅफिन बहुतेकांच्या रक्तात ३० ते ६० मिनिटांत सर्वांत वर पोहोचतं. घेतल्यावर १५ मिनिटांत काही वाटलं नाही म्हणून दुसरा स्कूप घेणं ही फार नेहमी होणारी चूक आहे. दोन्ही स्कूप मग एकाच वेळी, नेमके व्यायामाच्या मध्यावर चढतात. कॅफिन निम्मं व्हायला सरासरी ५ तास लागतात, पण हा वेळ माणसागणिक दीड ते साडेनऊ तास असा बदलतो. गर्भनिरोधक गोळ्यांनी तो जवळपास दुप्पट होतो. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक आणि फ्लुवॉक्सामिन हे नैराश्यावरचं औषध कॅफिन मोडणारं यकृतातलं एन्झाइमच अडवतात. अशा वेळी नेहमीचाच डोस वेगळा वाटतो आणि कारण लक्षात येत नाही. संध्याकाळी ६ ला ३१९ मि.ग्रॅ. घेतलं तर रात्री ११ ला साधारण १६० शिल्लक असतं. झोप मोडते, दुसऱ्या दिवशी दमल्यासारखं वाटतं आणि डोस वाढतो. रोज घेणाऱ्यांत रक्तदाबावरचा परिणाम काही दिवसांत बोथट होतो, त्यानेही मात्रा वाढवायचा मोह होतो. त्यापेक्षा एक-दोन आठवडे कमी करत बंद करा आणि पुन्हा कमी मात्रेने सुरू करा.

स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची गोळी, एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा विकार) यासाठीची उत्तेजक औषधं, दम्यासाठीचा सॅल्ब्युटामॉलचा पंप, थायरॉइड हार्मोनची गोळी आणि नैराश्यावरची एमएओ रोधक गटातली औषधं यांच्यासोबत प्री-वर्कआउट घेऊ नका. यातली पहिली तीन थेट त्याच सिंपथेटिक यंत्रणेवर चढतात, थायरॉइड हार्मोन हृदयाला तिच्याबाबत हळवं करतं आणि एमएओ रोधकांसोबत रक्तदाब धोकादायक उंची गाठू शकतो. ताप असताना, जुलाब होऊन अंगातलं पाणी गेलं असताना किंवा कडक उन्हातल्या लांब पल्ल्याच्या दिवशीही डबा बंदच ठेवा. दमल्याची जाणीव हा उष्माघाताआधीचा इशारा असतो आणि उत्तेजक नेमका तोच दाबतं.

नवीन उत्पादन असेल तर पहिला डोस अर्ध्या स्कूपचा, आणि तोही व्यायाम नसलेल्या दिवशी. पाच मिनिटं शांत बसून रक्तदाब मोजा, डोस घ्या आणि ४५ ते ६० मिनिटांनी बसूनच पुन्हा मोजा. सुरुवातीलाच १४०/९० च्या वर असेल तर घेऊ नका. नंतरचा वरचा आकडा १५ पेक्षा जास्त चढला किंवा बसल्याजागी छातीत धडधड झाली, तर ते उत्पादन तुमच्यासाठी नाही.

कोणी मुळीच घेऊ नये

हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाचा स्नायू अवाजवी जाड होण्याचा आजार, साधारण ५०० माणसांत एकाला असतो आणि अनेकांना तो माहीतच नसतो. जन्मजात लांब क्यूटी सुमारे २,००० मध्ये एकाला. सीपीव्हीटी नावाच्या विकारात तर विश्रांतीतला ईसीजी अगदी सामान्य येतो आणि लय बिघडते ती फक्त ॲड्रेनालिन चढल्यावर. म्हणून एक सरळ ईसीजी स्वच्छ आला की सगळं ठीक असं मानता येत नाही, घरातला इतिहासही विचारावा लागतो. रक्ताच्या नात्यात कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं आहे का? पट्टीच्या पोहणाऱ्याचा कारण न कळता बुडून मृत्यू झाला आहे का? फिट म्हणून उपचार चाललेली, पण श्रमात किंवा दचकल्यावर येणारी बेशुद्धी कोणाला आहे का? यातल्या एकाचंही उत्तर हो असेल, किंवा स्वतःला व्यायाम करताना कधी चक्कर येऊन शुद्ध हरपली असेल, तर हृदयरोगतज्ज्ञाने इको आणि स्ट्रेस टेस्ट करून मोकळीक दिल्याशिवाय कोणतंही उत्तेजक नको. उच्च रक्तदाब, करोनरी आजार, आधीचा लयबिघाड आणि नुकताच झालेला हृदयस्नायूचा दाह असलेल्यांनाही हेच लागू. मुलामुलींना या पावडरी देऊ नयेत.

काय झालं तर थांबायचं

श्रमाने वाढलेले ठोके हळूहळू चढतात आणि हळूहळू उतरतात. लयबिघाडाचे ठोके बऱ्याचदा बटण दाबल्यासारखे एकदम सुरू होतात आणि एकदम थांबतात. व्यायाम थांबवून संथ चालायला लागल्यावर पहिल्या मिनिटात ठोके किमान १२ ने तरी उतरायला हवेत. दहा मिनिटं बसूनही १४० च्या वर राहिले किंवा नाडी अनियमित लागली, तर वैद्यकीय मदत घ्या. छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, श्रमाच्या मानाने जास्त धाप, डोळ्यांपुढे अंधारी यातलं काहीही झालं तर सेट पूर्ण करत बसू नका. बेशुद्धी श्रमाच्या मध्यात आली तर ती नेहमी गंभीर समजायची, ती उपाशीपोटी किंवा पाणी कमी प्यायल्यामुळे आली असं गृहीत धरायचं नाही.

कोणी कोसळलं, हाकेला ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर हृदय बंद पडलं आहे असं धरून चाला. अधूनमधून घेतलेले आचके म्हणजे श्वास नव्हे, आणि सुरुवातीचे थोडे झटके फिटसारखे दिसू शकतात. एकाला रुग्णवाहिका बोलवायला आणि एकाला एईडी (हृदयाला विजेचा झटका देऊन लय परत आणणारं यंत्र) आणायला सांगा. छातीच्या मध्यावर दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सें.मी. खोल दाबत राहा. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. एईडी आलं की लगेच लावा आणि ते सांगेल तसं करा.

रुग्णालयात जाताना डबा सोबत न्या किंवा त्याच्या घटकांच्या रकान्याचा फोटो काढून घ्या. लघवीच्या नेहमीच्या अमली-पदार्थ चाचणीत कॅफिन, योहिम्बिन, हायजेनामाइन यातलं काहीच दिसत नाही. किती स्कूप, किती वाजता, आणि त्याच दिवशी दुसरी कोणती औषधं घेतली, हे डॉक्टरांना न विचारता सांगा. उपचार त्यावर ठरतात: उत्तेजकाच्या विषबाधेत घबराट, दाब आणि ठोके उतरवायला बहुतेकदा आधी बेंझोडायझेपाइन गटातली औषधं देतात, आणि काही बीटा-ब्लॉकर (ठोके मंदावणारी औषधं) एकटे दिले तर आकसलेल्या रक्तवाहिन्या आणखी आकसून रक्तदाब उलट वाढण्याचा धोका असतो.